माशाच्या डोक्याची पाळी

नैरोबी, १४ जानेवारी

मित्रा रातेंग,

पोचलो. खुशाल आहे. हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतोय, तो किसुमूला आवीनोच्या माशांच्या टपरीवर टाकील. तुझ्याकडे फोन नाही हे एका परीने बरंच आहे. फोनवर बोललेलं कोण कोण ऐकतं कुणास ठाऊक. कागदाची घडी घातली, डिंक लावला, की काम संपलं. माझं अक्षर सहावीतच थांबलंय, तेव्हा जपून वाच.

माझी अकोथ चौथ्या मजल्यावर राहते. इमारतीचं नाव जॅकरँडा कोर्ट. भिंतीवर विजेच्या तारा, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे, आणि फाटकाला काचेचा एक तुकडा बसवलाय, त्यावर बोट ठेवलं की फाटक उघडतं. अकोथचं बोट ठेवलं की उघडतं. माझं ठेवलं की लाल दिवा लागतो. सोटा धरून धरून माझी बोटं गुळगुळीत झालीत म्हणे, यंत्राला ती पटतच नाहीत. म्हणजे बघ, जन्मभर फाटकं राखली आणि आता मुलीच्या फाटकातून बाहेर पडायला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

पहारेकरी मुसेम्बी नावाचा आहे, तीन पोरांचा बाप. माणूस गोड, पण पहारा कच्चा. ओळखीचा चेहरा दिसला की फाटक उघडतो. मी त्याला बसवून शिकवलं, "अरे, चेहरा कुणालाही असतो. तोंड बघू नकोस, कार्ड बघ. कार्डावर जे नाव असेल तेच वर कळव." आता तो तसंच करतो. मला मान देतो.

मागच्या रविवारी अकोथने बाहेर जेवायला नेलं. दारातच एका बाईने काठीसारखं यंत्र माझ्या अंगावरून फिरवलं. आपण दोघांनी आयुष्यभर झडत्या घेतल्या रे, पण जेवायला निघालेल्या माणसाची कधी घेतली होती का? टेबलावर कागद नाही, फळा नाही, नुसता काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला. अकोथने त्याच्यावर फोन धरला तर फोनमध्ये पदार्थ आले. मी वेटरला विचारलं, "मासा कुठला?" तो म्हणाला, "मझे, फ्रीजमधला." म्हाताऱ्याला मझे म्हणायची रीत इथेही आहे. मासा आला तर त्याला डोकंच नाही! "डोकं कुठाय?" तर म्हणाला, "गिऱ्हाइकांना डोळे बघवत नाहीत." आणि किंमत अठराशे शिलिंग. एका बिनडोक माशाचे! तेवढ्यात आपले आवीनोकडचे कितीतरी शनिवार झाले असते. अकोथला वाईट वाटू नये म्हणून मी सगळा खाल्ला. तो घशाखाली उतरताना मला सरोवराचा वास आठवत होता.

इथे मला कुफुली, म्हणजे कुलूप, म्हणणारं कुणी नाही. कापसाच्या गोदामाचं कुलूप मी पुन्हा पुन्हा ओढून बघायचो आणि समोरच्या बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावरून तू ओरडायचास, "अरे कुलपा, आता त्या कुलपाला झोपू दे!" तेव्हा राग यायचा. आता कुणी म्हणत नाही तर अंगावरचा शर्ट काढल्यासारखं वाटतं.

लक्षात ठेव, शेवटच्या शनिवारी माशाचं डोकं तू खाल्लंस. आता पाळी माझी आहे.

खाली माझा नंबर लिहिलाय. अडीअडचणीसाठीच. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, आवीनोलासुद्धा.

तुझा,
कुफुली


किसुमू, २ मार्च

कुलपा,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलो की आवीनो विचारते, काय लिहिलंस, मग तिला वाचून दाखवावं लागतं, मग ती म्हणते हे खोड, ते घाल. आज ती कोळसा आणायला गेलीय म्हणून लिहितोय.

तुझं बोट यंत्राला पटत नाही हे वाचून आम्ही दोघं एवढं हसलो की शेजारचा चपलावाला बघायला आला. गोदामाचा मालक तुला उगाच पगार देत होता असं आवीनोचं म्हणणं आहे. "त्याच्या बोटालासुद्धा यंत्र दाद देत नाही, मग तो चोर कसा अडवणार?"

आता कामाचं ऐक. आवीनो टपरी बंद करतेय. तेल महागलं, जाळ्यात मासा येत नाही, आला तर मोठ्या हॉटेलांच्या गाड्या तो बोटीवरूनच उचलतात. तिने अख्ख्या न्गेगे माशाचे चारशे केलेत आणि आता गिऱ्हाइकं तिलाच चोर म्हणतात. गुडघेही गेले तिचे. मुलगा सियायाला घरी घेऊन जाणार आहे. एप्रिलचा पहिला शनिवार तिचा शेवटचा. त्यानंतर कढई उपडी.

तेव्हा ये. मी दर शनिवारी बाकड्यावर आपल्या जागी बसतो. एकट्याला अख्खा मासा संपत नाही. अर्धा मासा आवीनो विकत नाही, म्हणते, अर्ध्या माशाला काय आत्मा असतो? डोकं मी खात नाही. ती माझी पाळी नाही. मांजर खातं.

फोन घे म्हणून तू माझ्यामागे किती वर्षं लागला होतास, आठवतं? अजूनही मला तो नकोच आहे. पण एक गंमत सुचलीय. सांगत नाही.

पहिला शनिवार. विसरू नकोस.

रातेंग


नैरोबी, ३ एप्रिल

मित्रा रातेंग,

तुझं पत्र बसच्या कचेरीत पडून होतं. अकोथला ते आणायला वेळ झाला नाही, मला एकट्याला फाटकाबाहेर जाता येत नाही. आवीनोच्या कढईचं वाचून मला झोप लागली नाही. अकोथला म्हटलं, मला किसुमूला जायचंय. ती म्हणाली, "बाबा, बसमध्ये गुंगीची बिस्किटं देऊन लुटतात. महिनाअखेरीला मला सुट्टी आहे, मीच नेईन." आता तिला कसं सांगू, की महिनाअखेरीला तिथे माती असेल? मला भीतीही वाटते रे. खोटं कशाला बोलू. बस थांबली, उतरलो, परत चढताना भलत्याच बसमध्ये चढलो तर? पैसे चोरीला गेले तर? सगळं मनात येतं.

आणि भीती वाटावी अशी गोष्ट घडलीच. वाच आणि आवीनोलाही सांग, लोकांनी सावध राहिलं पाहिजे.

गेल्या शनिवारी भर दुपारी माझ्या फोनवर पैसे आले. चारशे शिलिंग. पाठवणारा एलिशा मगाक ओबुरा. नाव बघ कसं, चर्चच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्याचं. मी असल्या कुणाला जन्मात ओळखत नाही. पण मला हा डाव माहीत आहे, अकोथने सांगितलाय. आधी थोडे पैसे पाठवतात, मग रडत फोन करतात, "मझे, चुकून आले, परत करा", आणि आपण परत करायला गेलो की खातं धुऊन नेतात. लगेच फोन वाजायला लागला. तोच नंबर! मी काय उचलतोय! मी इमारतीतल्याच खालच्या दुकानदाराला विचारून ते पैसे आल्या पावली परत पाठवले, म्हणजे त्याला रडायला कारणच राहिलं नाही. फोन तरी वाजतच होता. संध्याकाळी अकोथने कंपनीला कळवून तो नंबर बंद करायला लावला.

एवढ्यावर मी थांबलो नाही. मुसेम्बीला ते नाव पाठ करायला लावलं. एलिशा मगाक ओबुरा. चोराला नंबर सापडला तर घरही सापडेल. मुसेम्बी म्हणाला, "मझे, तुम्ही होतात त्या गोदामातून एक बोंडसुद्धा गेलं नसेल." बरं वाटलं ऐकून.

शनिवारी दुपारी तू बाकड्यावर बसशील तेव्हा मी इथे खिडकीत बसेन. आवीनोला सांग, कुफुलीला यायचं होतं. डोकं या वेळी मांजराला देऊ नकोस. तूच खा. नाही, नको, राहू दे. पाळी माझी आहे.

हे पत्र शनिवारी सकाळच्या बसने निघेल.

तुझा,
कुफुली


किसुमू, ८ एप्रिल

नफ्ताली अडुडा यांस,

हो, हे तुझं नाव आहे हे मला माहीत आहे. कसं कळलं ते सांगतो.

मार्चअखेर मी फोन घेतला. साधाच, बटणांचा. ती गंमत हीच होती. ठरवलं होतं की शनिवारी आवीनोची कढई तापली की तुला एका माशाचे पैसे पाठवायचे, लगेच फोन करायचा, आणि म्हणायचं, "ऊठ कुलपा, जा, कुठूनही एक मासा आण. मी इथे खातो, तू तिथे खा, फोन चालू ठेव." पैसे पाठवताना फोनवर नाव आलं, नफ्ताली अडुडा. मी पैसे पाठवणाऱ्या पोरीला म्हटलं, "हा कोण? मला कुफुलीला पाठवायचेत." ती म्हणाली, "मझे, नंबर तर हाच आहे." एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि मला तुझं नाव माहीत नव्हतं. मी एकटाच खूप हसलो. वाटलं, पहिल्यांदा हेच सांगू.

तू फोन उचलला नाहीस. मग पैसे परत आले. मग फोनच मेला.

मला वाटलं, तुला राग आला. मुलीच्या घरी राहणाऱ्या माणसाला जेवायला पैसे पाठवले म्हणून. किंवा तिला आला असेल. आवीनो म्हणाली, "मग स्वतःच घेऊन जा की." शनिवारी तिने सगळ्यात पहिला मासा माझ्यासाठी तळला. तो वर्तमानपत्रात गुंडाळून मी सकाळची बस धरली. तुझं पत्र त्याच सकाळी तिकडून निघालं होतं. नाकुरूच्या आसपास ते आणि मी एकमेकांना ओलांडून गेलो असू.

फाटकावर तुझा मुसेम्बी. म्हटलं, "कुफुलीकडे जायचंय." तो म्हणाला, "असं कुणी इथे राहत नाही." बरं, फोनवरचं नाव आठवलं. "नफ्ताली अडुडा." तो म्हणाला, "कार्ड." कार्ड दिलं. ते वाचून त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी स्वतःचेच कपडे बघितले. मग त्याने भिंतीवरचं बटण दाबलं आणि कार्डावरचं नाव वर सांगितलं.

डब्यातून तुझा आवाज आला. "कोण? एलिशा मगाक? अरे, तोच! उघडू नकोस, मुसेम्बी! चोर दारापर्यंत आला! हाकल त्याला!"

जानेवारीनंतर पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. तसाच आहे, चिरका. मी आधी हसलो. वाटलं, थट्टा करतोयस. "अरे कुलपा, मी रातेंग!" म्हणून ओरडलो, पण डबा गप्प झाला होता. मुसेम्बीला म्हटलं, "पुन्हा लाव, रातेंग आलाय म्हण." तो म्हणाला, "मझे, कार्डावर रातेंग नाहीये. आणि वरच्या मझेंनीच शिकवलंय, तोंड बघू नको, कार्ड बघ."

त्याच्यावर मी रागावलो नाही. चांगला पहारेकरी आहे. आपल्या वेळी असता तर बर्फाच्या कारखान्यात मी त्याला माझ्या हाताखाली घेतला असता.

मासा त्यालाच दिला. पोरं आहेत त्याला. फक्त डोकं तोडून वेगळं बांधलं आणि म्हटलं, "हे वरच्या म्हाताऱ्याचं आहे. त्याची पाळी आहे." पोचवीन म्हणाला. पोचलं का?

रविवारी परत आलो तर टपरीच्या जागी चार खड्डे आणि आवीनो सामानावर बसलेली. तिने तुझं पत्र हातात ठेवलं. तिथेच वाचलं. मग तिला वाचून दाखवलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

तुला दोष देत नाही. मलाही तुझं नाव माहीत नव्हतं. पण त्या फाटकावर उभं असताना एक गोष्ट मनात आली, ती लिहून टाकतो. रातेंग म्हणून मला हाक मारणारा आता एकही माणूस या गावात उरलेला नाही. आवीनो होती, ती काल सियायाला गेली. बाकी सगळे देवाघरी गेले. आता मी कार्डावरचाच माणूस आहे.

पुन्हा लिहायची तसदी घेऊ नकोस. पत्र टाकायला टपरीही नाही.

एलिशा मगाक ओबुरा


नैरोबीहून निघालेल्या बसमध्ये, ११ एप्रिल

रातेंग, रातेंग, रातेंग,

आधी तीनदा लिहून घेतलं. आता बाकीचं लिहितो.

तुझं पत्र अकोथने काल संध्याकाळी आणलं. खालची सही आधी वाचली आणि मला वाटलं, चोर आता पत्रंही लिहायला लागला. मग अक्षर बघितलं. मग तिथेच जमिनीवर बसून ते तीनदा वाचलं. अकोथ घाबरली, डॉक्टरला बोलवू का म्हणाली. मी तिला पत्र दिलं. तिने वाचलं आणि फोन काढला. फाटकावरचा कॅमेरा सगळं जपून ठेवतो, ते तिने मागे नेऊन दाखवलं.

तू दिसलास. वरून दिसलास, म्हणजे टोपी आणि खांदे. हातात पुडकं, छातीशी धरलेलं, कारखान्याच्या किल्ल्या धरायचास तसं. आवाज येत नाही त्या चित्राला. तू डब्याकडे तोंड नेलंस आणि काहीतरी ओरडलास. मग नुसता उभा राहिलास. मग वाकून पुडकं सोडलंस, डोकं तोडलंस, दोन्ही वेगवेगळी बांधलीस. मी अकोथला म्हटलं, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावलं. पुन्हा म्हटलं. शेवटी ती रडायला लागली म्हणून थांबलो.

तू लंगडतोयस. डावा पाय ओढत गेलास. कधीपासून? एकाही पत्रात लिहिलं नाहीस. आणि अशा पायाने एवढा लांब आलास.

डोकं पोचलं. आता जे झालं ते लिहितोच, मग तू काय समजायचं ते समज. मुसेम्बी वर घेऊन आला, म्हणाला, "त्या माणसाने तुमच्यासाठी दिलंय, पाळी आहे म्हणाला." मी कागद उघडला, आतून माशाचे डोळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, करणी केलीय. चोराने नंबर बंद केल्याचा सूड घेतला आणि आता माझी पाळी आहे म्हणून धमकी पाठवली. मी ते चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलं, वर मीठ टाकलं, आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. आवीनोच्या हातचं शेवटचं डोकं. वास ओळखीचा आला होता रे. हात धुताना एक क्षण वाटलंही, हा वास मला माहीत आहे. पण मी धुतच राहिलो.

जगात कुणी एवढं मोठं कुलूप पाहिलं नसेल.

आज सकाळी मुसेम्बीला म्हटलं, "फाटक उघड." तो म्हणाला, "मझे, बोट ठेवा." मी म्हटलं, "बोटाला ओळखत नाही ते, तू मला ओळखतोस. तोंड बघ आणि उघड." तो गोंधळला, म्हणाला, "तुम्हीच तर शिकवलंत." मी म्हटलं, "मीच शिकवलं, आता मीच मोडतो." त्याने उघडलं. माझ्या हातात पिशवी होती. त्याने विचारलं नाही कुठे निघालात. फक्त म्हणाला, "मासा फार चांगला होता, मझे. पोरांनी काट्यांसाठी भांडण केलं. त्यांना माझा नमस्कार सांगा." तुझं नाव त्याने घेतलं नाही. कुठलं घ्यावं ते त्याला कळेना बहुतेक.

अकोथला शेजारणीकडे निरोप ठेवलाय. रागावेल. बसमध्ये एका बाईने बिस्किट दिलं. मी घेतलं नाही. एवढं एकदम कसं बदलणार?


किसुमू, १२ एप्रिल

उरलेलं इथे लिहितोय, सरोवराकाठी. काल इथे पोचलो तेव्हा अंधारलं होतं, चर्चच्या ओसरीत झोपलो. पिशवी उशाखाली घेतली होती, सकाळी जागेवरच होती.

टपरीच्या जागेचे चार खड्डे बघितले. आपलं बाकडं कुणीतरी चपलावाल्याच्या दारात नेऊन ठेवलंय. त्याच्यावर बसूनच लिहितोय. उजवीकडे मी, डावीकडे तुझी जागा रिकामी सोडलीय. चपलावाला म्हणाला, "मझे, सरका की, गिऱ्हाईक बसेल." मी म्हटलं, "माणूस यायचाय."

पलीकडे एक नवी बाई मासे तळते. आवीनोसारखे नाहीत, तेल जुनं आहे, आणि साडेचारशे सांगते. मी घासाघीस केली, तिने ऐकलं नाही. घेतला. अख्खा न्गेगे, डोक्यासकट, कागदात बांधून. सोबत मक्याची उगालीही घेतली.

तोंडाने मला यातलं काही बोलता येणार नाही. मी लगेच काहीतरी भलतंच बोलेन, बसच्या भाड्याचं किंवा तुझ्या दाराच्या कडीचं. म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. तू वाचत असशील तेव्हा मी बाहेर उभा असेन. घाई करू नकोस, सगळं वाच. त्या दिवशी तू उभा होतास, आज माझी वेळ. आतून विचारलंस, "कोण आहे?" तर मी नफ्ताली अडुडा म्हणेन. तुला वाटलं तर उघड. नाही वाटलं तर मी उंबऱ्यावर बसेन, मला फाटकापाशी बसायची सवय आहे.

फक्त मासा गार होतोय.

आणि डोक्याचं म्हणशील तर माझी पाळी मी कचऱ्यात टाकली. हे तुझं आहे, रातेंग.

कुफुली